पहिल्यांदा काय दिसावं, हे कुणी ठरवलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी वर्षभरापासून ग्राफिक डिझाइन शिकतोय. शिक्षक ज्या कामाला चांगलं म्हणतात त्यालाच क्लायंट नाकं मुरडतो, आणि मला स्वतःला तिसरंच काहीतरी आवडतं. डिझाइन चांगलं की वाईट हे ठरवायला काही आधार आहे का, की शेवटी ज्याची त्याची आवड?"

आधार आहे. आवडीलाही जागा आहे, पण तिची पाळी बरीच नंतर येते. त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात. हे काम कोण, कुठे, किती घाईत बघणार आहे? आणि त्या माणसाला सगळ्यात आधी काय कळायला हवं? ज्या कामात या दोन्हींची उत्तरं सापडतात ते बहुतेक वेळा चांगलं निघतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची आणि विद्यार्थ्यांची कामं तपासताना मला दिसलेलं असं की, वाईट काम रंग चुकल्यामुळे किंवा फॉन्ट कुरूप असल्यामुळे क्वचितच वाईट असतं. तिथे कुणी काही ठरवलेलंच नसतं. मजकुरात दहा गोष्टी आल्या, दहाही कागदावर बसवल्या, उरलेल्या जागेत नक्षी भरली. आधी काय बघायचं ते बघणाऱ्यावर सोडून दिलं.

हे ठरवणं कागदावर कसं दिसतं ते सांगतो. सुरुवात एका फसलेल्या कामापासून करू, कारण ते काम दिसायला व्यवस्थित होतं आणि करणाऱ्यांचा हेतूही चांगला होता.

२००० सालच्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वापरलेली मतपत्रिका. अध्यक्ष-उपाध्यक्षपदासाठी उमेदवारांच्या दहा जोड्या होत्या, आणि मत द्यायचं ते नावासमोरचं भोक पाडून. सगळी नावं एकाखाली एक घ्यायची तर अक्षर बारीक करावं लागलं असतं, आणि त्या भागात वयस्कर मतदार पुष्कळ. म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि मधल्या पट्टीत भोकांची एकच उभी रांग ठेवली. अक्षर खरोखरच मोठं आणि स्वच्छ झालं.

आता मतदाराच्या जागी उभं राहून बघा. डावीकडच्या पानावर पहिलं नाव बुश, त्याखाली दुसरं गोर, हेच दोघे प्रमुख उमेदवार. तुम्हाला गोर यांना मत द्यायचंय. नाव दुसरं, म्हणजे भोकही दुसरं, असं समजून हात तिकडे जातो. पण रांग दोन्ही पानांची मिळून एकच होती. पहिलं भोक बुश यांचं, दुसरं उजव्या पानावरच्या पहिल्या नावाचं, म्हणजे ब्युकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं, आणि गोर यांचं तिसरं. प्रत्येक नावासमोर बाण होता, भोकाचा क्रमांकही छापलेला होता. माहितीत कसलीच चूक नव्हती. तरी ब्युकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०० च्या आसपास मतं पडली, एकापेक्षा जास्त भोकं पाडल्यामुळे १९,००० हून जास्त मतपत्रिका बाद झाल्या, आणि पूर्ण राज्याचा अधिकृत निकाल बुश यांच्या बाजूने लागला अवघ्या ५३७ मतांनी. पुढच्याच वर्षी राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी आकडे तपासून दाखवलं की गोर यांची २,००० हून जास्त मतं या मांडणीमुळे ब्युकॅनन यांच्याकडे गेली होती.

या मतपत्रिकेचा नमुना आधी पक्षांकडे आणि मतदारांकडे गेला होता. तेव्हा तो कुणाला खटकला नाही. टेबलावर निवांत बसून, काय बघायचं ते माहीत असताना, कुठलीही मांडणी समजते. प्रत्यक्षात माणूस उभा असतो, मागे रांग असते, आणि तो फक्त आपलं एक नाव शोधत असतो.

डोळा जवळजवळच्या गोष्टींची जोडी लावतो आणि दोन रांगा दिसल्या की पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं असं जुळवून टाकतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच हे नियम मांडले: जवळ असलेलं, सारखं दिसणारं, एका ओघात असलेलं मन एकत्र बांधतं. हे वाचण्याच्या आधी घडतं. त्यामुळे मांडणी एक सांगत असेल आणि बाण दुसरं, तर घाईतला माणूस मांडणीचं ऐकतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो की समजावून सांगण्यासाठी बाण घालावासा वाटला, "कृपया लक्ष द्या" लिहावंसं वाटलं, की हात थांबवा आणि मांडणीकडे परत जा. दहातल्या आठ वेळा दोन गोष्टींमधलं अंतर चुकलेलं असतं.

चांगल्या बाजूचं माझं आवडतं उदाहरण औषधाच्या बाटलीचं आहे. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकत असताना डेबोरा अ‍ॅडलर यांनी प्रबंधाचा विषय म्हणून डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाची बाटली घेतली. कारण घरातलं होतं: त्यांच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या होत्या. अमेरिकेतल्या त्या नेहमीच्या गोल बाटलीवर सगळ्यात ठळक काय असायचं, तर औषधं विकणाऱ्या दुकानसाखळीचा लोगो. मग आकडे, पत्ते, आणि या गर्दीत कुठेतरी औषधाचं नाव. बाटली गोल, त्यामुळे पूर्ण लेबल वाचायला ती हातात फिरवावी लागे.

अ‍ॅडलर यांनी बाटलीची एक बाजू सपाट करून घेतली. वर ठळक अक्षरात औषधाचं नाव, लगेच खाली किती आणि कसं घ्यायचं ते. मग एक जाड रेघ आणि त्या रेघेखाली डॉक्टर, दुकान, तारखा वगैरे. बाटलीच्या गळ्यात घरातल्या प्रत्येक माणसासाठी वेगळ्या रंगाचं कडं. टार्गेट या साखळीने २००५ मध्ये ती बाजारात आणली.

त्या एका रेघेकडे नीट बघा. रेघेच्या वर रात्री झोपेतून उठून गोळी घेणाऱ्याला लागणारं सगळं आहे. रेघेखालचं औषध विकणाऱ्याला आणि नोंदी ठेवणाऱ्याला लागतं. कायद्याने छापायलाच हवी अशी माहिती कुठेही गेलेली नाही. ती कुणाच्या कामाची हे ठरलं आणि त्याप्रमाणे जागा मिळाली. दुकानाचा लोगो खाली घ्यायला कुणीतरी तयार झालं, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग असणार. अशा निर्णयाला सॉफ्टवेअर कितीही चांगलं असून मदत करत नाही.

आता तुमच्या हातात रोज येतं तसं काम घेऊ. व्याख्यानाचं पोस्टर. मजकूर नेहमीचाच: आयोजकांची नावं, "आपणास सस्नेह निमंत्रण", विषय, वक्त्याचं नाव आणि हुद्दा, तारीख, वेळ, स्थळ, "प्रवेश विनामूल्य", वक्त्याचा फोटो, चार लोगो.

पहिलं आर्टवर्क कसं येतं ते मला डोळे मिटून सांगता येईल. सगळ्या ओळी मध्यावर. सगळ्या बोल्ड, कारण प्रत्येक ओळ कुणाला तरी महत्त्वाची वाटली. प्रत्येक ओळीला वेगळा रंग आणि त्या रंगावर बाहेरून पांढरी किनार, कारण मागे निळ्यातून जांभळ्यात जाणारी छटा आहे आणि नुसती अक्षरं त्यावर उठत नाहीत. तारीख वर उजव्या कोपऱ्यात एका चांदणीत, वेळ मध्ये, स्थळ तळाशी. चार लोगो चार आकारांत.

हे सुधारायला रंगांपासून सुरुवात केलीत तर दिवस जाईल आणि पोस्टर तसंच राहील. आधी हे कुठे लागणार ते विचारा. समजा, जिन्याजवळच्या फलकावर. म्हणजे माणूस दोन-तीन मीटरवरून, चालता चालता, फार तर तीन सेकंद बघणार. त्या तीन सेकंदांत त्याला एवढंच कळायला हवं की हे आपल्यासाठी आहे का. ते कशावरून कळेल? वक्ता सर्वांना माहीत असलेला असेल तर नावावरून, नसेल तर विषयावरून. हा निर्णय आयोजकांना विचारूनच घ्यायचा आणि एकदाच घ्यायचा. "दोन्ही ठळक घ्या" हे उत्तर स्वीकारू नका. दोन गोष्टी सारख्याच ठळक असल्या की डोळा दोन्हींमध्ये ये-जा करतो आणि माणूस तेवढ्यात पुढे निघून जातो.

समजा, विषय ठरला. तो मोठा. इतका मोठा की बाकी कशाशी त्याची तुलनाच होऊ नये. २२, २४ आणि २६ पॉइंट (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) असे तीन आकार घेतले तर बघणाऱ्याला फरक दिसत नाही, नुसती अस्वस्थता वाटते. ७२, २८ आणि १६ घ्या. तीनच आकार पुरतात. चौथा लागला तर तो का लागला याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

मग तारीख, वेळ, स्थळ आणि "प्रवेश विनामूल्य" एका ठिकाणी आणा. माणसाच्या मनात तो एकच प्रश्न असतो: कधी आणि कुठे? एका प्रश्नाची चार उत्तरं चार कोपऱ्यांत ठेवणं म्हणजे त्याला कागदभर हिंडवणं. गटाच्या आतलं अंतर कमी आणि दोन गटांमधलं अंतर स्पष्टपणे जास्त ठेवा. आत चार मिलिमीटर असेल तर बाहेर किमान बारा. एवढ्यावर चौकटी, रेघा, रंगीत पट्ट्या यांची गरजच उरत नाही. त्या बहुतेक ठिकाणी चुकलेल्या अंतरावर पांघरूण म्हणून आलेल्या असतात.

सगळ्या ओळी डावीकडच्या एकाच उभ्या रेषेवर आणा. मध्यावर घेतलेल्या ओळीची सुरुवात दर वेळी नव्या जागी होते आणि डोळ्याला ती शोधावी लागते. दोन-तीन ओळींच्या निमंत्रणाला मध्यावरची मांडणी शोभते. पाच-सहा ओळींनंतर ती कोलमडते. फोटोबद्दल एकच विचारायचं: तो काढला तर काय कळायचं राहील? वक्ता चेहऱ्याने ओळखला जात असेल तर फोटो मोठा घ्या, चांगला घ्या. ओळखीच्या कार्डावरचा कापून लावलेला चेहरा असेल तर काढून टाका. लोगो तळाला एका ओळीत, डोळ्याला सारखे दिसतील अशा आकारात. उंची मोजून सारखी केली तर आडवा लोगो उगीच मोठा दिसतो, म्हणून ते नजरेनेच जुळवायचं.

इथे आलात की पोस्टर काळ्या-पांढऱ्यात आहे आणि तरी काम करतंय. आता रंग घ्या. एक पुरेल.

मोकळी जागा या टप्प्यावर आपोआप तयार झालेली दिसते आणि नेमकी तीच बघून कुणीतरी म्हणतं, "इथे अजून काहीतरी बसेल की." त्या जागेमुळेच विषय तीन मीटरवरून वाचता येतोय, हे तिथल्या तिथे दाखवून द्या. एक ओळ घालून दाखवा आणि मग काढून दाखवा. तोंडी युक्तिवादाने हा मुद्दा कुणाला पटलेला मी पाहिलेला नाही.

लांब मजकुरात निर्णय अधिक बारीक होतात आणि बघणाऱ्याला ते दिसतही नाहीत. तो फक्त थकतो किंवा थकत नाही. रोमन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीत एका ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरं सुखाची मानली जातात. ओळ त्याहून लांब झाली की पुढची ओळ पकडताना डोळा चुकतो, तीच ओळ पुन्हा वाचली जाते. ओळींमधलं अंतर रोमनला अक्षराच्या आकाराच्या १२० ते १४५ टक्के पुरतं. देवनागरीत हेच आकडे जसेच्या तसे घेतले की घोटाळा होतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय उभी रचलेली जोडाक्षरं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला की पान काळवंडतं. मी १५० टक्क्यांच्या खाली सहसा उतरत नाही.

देवनागरीबद्दल आणखी थोडं, कारण बहुतेक प्रशिक्षण रोमन अक्षर समोर धरून दिलं जातं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची युक्ती रोमनमधल्या मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल अक्षरांतल्या) शीर्षकांना शोभते. देवनागरीत ती केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्याकडे मोठी आणि लहान लिपी नाही, म्हणून महत्त्व दाखवायला आकार, जाडी आणि जागा एवढीच साधनं आहेत. ती जपून खर्चायला हवीत. अक्षर तिरपं करण्याची परंपराही देवनागरीत नाही. सॉफ्टवेअर जे तिरपं करून देतं ते नुसतं ढकललेलं अक्षर असतं. आणि ज्या फॉन्टमध्ये मुळात बोल्ड म्हणजे जाड रूप नाही त्याला यंत्राकडून बोल्ड करून घेतलं तर क्ष, ष्ठ, द्ध यांची पोटं बुजतात. फॉन्ट निवडताना आधी अशीच अवघड अक्षरं लिहून बघा. "कमल नमन कर" कुठल्याही फॉन्टमध्ये सुंदर दिसतं.

रंगांबद्दल लोक सगळ्यात जास्त वाद घालतात आणि सगळ्यात कमी मोजतात. वेबसाठी तर मोजमाप ठरलेलं आहे: साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१, मोठ्या अक्षराला ३:१. पांढऱ्यावर #९९९९९९ हा सध्या सगळीकडे दिसणारा करडा रंग घेतला तर तो ३:१ देखील गाठत नाही. तो तुमच्या महागड्या स्क्रीनवर मोहक दिसतो. उन्हात धरलेल्या जुन्या फोनवर दिसतच नाही. तसंच, युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि इतरत्रही असे लोक आहेतच. म्हणून "लाल म्हणजे बंद, हिरवा म्हणजे चालू" एवढ्यावर थांबायचं नाही. शब्द, चिन्ह किंवा आकार जोडीला हवा.

मग सौंदर्याचं काय? हे सगळं वाचून डिझाइन म्हणजे निव्वळ मोजमाप असं वाटू नये, म्हणून रस्त्यावरच्या पाट्यांची हकीकत सांगतो. ब्रिटनमध्ये जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आधी १९५८ च्या प्रेस्टन बायपास या महामार्गासाठी आणि नंतर देशभरच्या रस्त्यांसाठी पाट्यांची पद्धत बसवली. १ जानेवारी १९६५ पासून ती लागू झाली. त्यांनी गावांच्या नावांत पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं आणि बाकीची लहान लिपीतली घेतली, म्हणजे प्रत्येक नावाचा बाह्याकार वेगळा दिसतो. डेव्हिड किंडर्सली या अक्षरकाराला ते मान्य नव्हतं. त्यांनी फक्त मोठ्या लिपीतलं, टोकांना फाटे असलेलं अक्षर मांडलं. दोन्हींची प्रत्यक्ष चाचणी झाली. किंडर्सली यांचं अक्षर अंतरावरून वाचण्यात किंचित सरस ठरलं, पण फरक इतका थोडा होता की दिसण्यावरून निवड करायला हरकत नव्हती. किनीर-कॅल्व्हर्ट यांचं अक्षर टिकलं आणि आजही तिथे तेच आहे.

आवडीची जागा इथे येते, असं मी म्हणेन. दोन्ही पर्याय काम करत असतील तेव्हा जो जास्त देखणा, जास्त शांत, जास्त त्या जागेला साजेसा, तो घ्यावा, आणि तो घेताना संकोच करू नये. लोकांना ज्या गोष्टी रोज बघाव्या लागतात त्या सुंदर असणं ही त्यांच्याशी वागण्याची एक रीत आहे. त्याच पाट्यांमधलं शाळेजवळचं चिन्ह घ्या: कॅल्व्हर्ट यांनी मुलीला पुढे घेतलं आणि ती लहान मुलाचा हात धरून चाललीये असं काढलं. आधी मुलगा पुढे असायचा. वाचनीयतेच्या चाचणीत याचा एक गुणही वाढत नाही, तरी चिन्ह त्यामुळे जास्त चांगलं झालं.

सौंदर्याच्या नावाखाली ओळखच पुसली गेली तर मात्र महाग पडतं. ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या कंपनीने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतलं खोकं बदललं. स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं गेलं, रसाचा पेला आला, नाव उभं फिरवलं. वेगळं काढून बघितलं तर नवं खोकं नीटस होतं. पण फडताळासमोर उभा असलेला माणूस वाचत नसतो; तो ओळखीचा आकार शोधत असतो. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरल्याच्या बातम्या आल्या आणि कंपनीने जुनं खोकं परत आणलं. जुन्या कामात हात घालताना आधी लोक कोणत्या खुणेवरून ते ओळखतात ते शोधा. तेवढं सोडून बाकी हवं ते बदला.

तुमच्या शिक्षकांचं आणि क्लायंटचं जमत नाही याचं एक कारण असंही असू शकतं की दोघं वेगवेगळ्या ठिकाणच्या वाचकाची कल्पना करतायत. एकच तत्त्व एका जागी उत्तम ठरतं आणि दुसरीकडे फसतं. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या जोडणीच्या आकृतीसारखा काढला: फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषा, खऱ्या अंतरांना फाटा. आधी तो नाकारला गेला, १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. जमिनीखालच्या प्रवाशाला कुठे चढायचं, कुठे बदलायचं, कुठे उतरायचं एवढंच हवं होतं. १९७२ मध्ये मासिमो विन्येली यांनी न्यूयॉर्कच्या सबवेसाठी तशाच विचाराचा नकाशा केला, रेषा तितक्याच देखण्या. पण न्यूयॉर्कचे बरेच रस्ते क्रमांकाने ओळखले जातात आणि तिथल्या माणसाला वरचं शहर पाठ असतं. त्याला लांबट सेंट्रल पार्क चौकोनी दिसलं आणि पाणी निळ्याऐवजी फिकट तपकिरी. नकाशावरचा विश्वासच उडाला. १९७९ मध्ये तो बदलून भूगोलाशी जुळणारा नकाशा आला. २०२५ मध्ये तिथे पुन्हा विन्येलींच्या वळणाचा आकृतीवजा नकाशा आणला गेला. मला यात आश्चर्य वाटत नाही, कारण रस्त्यांचा भूगोल आता प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो आणि भिंतीवरच्या नकाशाकडून अपेक्षा बदललीये.

वाचनीयतेलाही हेच लागू आहे. १९६६-६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सन यांनी संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टरं केली. अक्षरं फुगवून, वितळल्यासारखी एकमेकांत बसवलेली, लालाशेजारी हिरवा असे डोळ्यांत थरथरणारे रंग. तारीख शोधायला मिनिटभर उभं राहावं लागे. ती उत्तम पोस्टरं आहेत. ज्या तरुणांसाठी ती होती ते आनंदाने थांबायचे, आणि ज्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती त्यांना बोलावलेलंच नव्हतं. हेच अक्षर आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या दारावर लावलं तर माणसं मरतील. नियम मोडण्याबद्दल मला कधी तक्रार नसते. कुणासाठी मोडला, हे सांगता यायला हवं.

एका प्रकारच्या कामाला मात्र मी चांगलं म्हणणार नाही, मग ते कितीही देखणं आणि परिणामकारक असो. एखाद्या वेबसाइटवर वर्गणी सुरू करायचं बटण मोठं, ठसठशीत. बंद करायचं मात्र करड्या बारीक अक्षरात, तिसऱ्या पानाच्या तळाशी. नको असलेल्या खुणा आधीच टिक केलेल्या. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये याला 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. आपण वर जे जे शिकलो, जवळीक, आकार, कॉन्ट्रास्ट, ते सगळं इथे वाचकाच्या विरुद्ध वापरलेलं असतं. असं काम सांगितलं गेलं तर नकार द्या. शिकत असतानाच ही सवय लावून घ्या, नंतर ती लागत नाही.

आता क्लायंट. "लोगो मोठा करा" असं तो म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी खरंच खटकलेलं असतं, फक्त उपाय चुकीचा सुचलेला असतो. लोगो हरवलाय असं त्याला वाटत असेल तर आजूबाजूची गर्दी हटवा; तोच लोगो त्याच आकारात उठून दिसतो. "जरा उठाव येऊ द्या" म्हणजे बहुधा आकारांमधला फरक कमी पडलाय. त्याच्या शब्दांशी भांडू नका, बोट कुठे ठेवलंय ते बघा. आणि आर्टवर्क लॅपटॉपवर पाठवून मत मागवू नका. खऱ्या आकारात छापा, जिथे लागणार तिथे लावा, त्याला बरोबर घेऊन तेवढ्याच अंतरावर उभे राहा. फोनवर जाणार असेल तर फोनवरच दाखवा, उजेडात.

त्याहीआधी एक चाचणी स्वतः करून घ्या. ज्यांना या कामाची काहीच माहिती नाही अशा तीन-चार जणांना ते पाच सेकंद दाखवा, मग उलटं करून ठेवा आणि काय लक्षात राहिलं ते विचारा. "आवडलं का" असं विचारू नका. लोक मन राखायला हो म्हणतात. चौघांनी एकच गोष्ट सांगितली आणि ती तुम्ही ठरवलेलीच असली तर मांडणी जमलीये. एकच पण भलतीच सांगितली, तर काय दुरुस्त करायचं ते तुम्हाला कळलं. चौघांनी चार गोष्टी सांगितल्या तर तुमचं काही ठरलेलंच नाहीये. फाइल बंद करा आणि मजकुराचा कागद पुन्हा हातात घ्या.

राहिली तुमची स्वतःची आवड. ती वाढवायला रोज एक छापील वस्तू घ्या: तिकीट, औषधाची पट्टी, बँकेचा फॉर्म, काहीही. तिच्यावर डोळा ज्या क्रमाने फिरतो तो पेन्सिलने १, २, ३ असा लिहा. शेजारी दुसरा क्रम लिहा, ती वस्तू वापरणाऱ्याला ज्या क्रमाने माहिती लागते तो. दोन्ही यादी जिथे जुळत नाहीत तिथे एकच बदल करून बघा: एक अंतर, एक आकार किंवा एक जागा.